ईम्स हाउस 1:50 : एक जॉइस्ट सरळ आला!

लॉस एंजेलिसमधल्या ईम्स हाउसचं मी घरी 1:50 मॉडेल करते आहे, म्हणजे मूळच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं. काल रात्री पावणेबाराला त्याचा एक जॉइस्ट (छत पेलणारी जाळीदार आडवी तुळई) सरळ आला. काचेवर ठेवला, दोन्ही टोकांना बोटाने दाबून पाहिलं, डुगडुगला नाही. उलटा ठेवून पाहिला, तरी नाही. घरात सगळे झोपलेले, सांगणार कुणाला? फ्रिजमध्ये श्रीखंडाचा अर्धा डबा होता, तो उभ्या उभ्या संपवला.

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की घरामागची टेकडी थोपवणारी भिंत झाली, आता सांगाडा म्हणजे दोन रविवारांचं काम. त्याला अकरा रविवार झाले. भिंत अजून तिथेच आहे, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर. मूळची दोनशे फूट लांब, त्यामुळे 1:50 लासुद्धा सव्वा मीटरच्या जवळ जाते. आम्ही सगळे सध्या टेबलाच्या उरलेल्या टोकाला दाटीवाटीने जेवतो.

अडलं कुठे, तर छताच्या जॉइस्टवर. ज्यांनी या घराचे फोटो पाहिलेत त्यांना ते डोळ्यांसमोर येतील: बैठकीच्या सतरा फूट उंच छताखाली एका रांगेत दिसणारे, वर-खाली दोन पट्ट्या आणि मधे नागमोडी गज. बारा इंच उंचीचे. आपल्याकडे गोदामाच्या पत्र्याखाली कैच्या असतात ना, त्यांचीच सडपातळ बहीण. 1:50 मध्ये ही उंची होते 6 मिलिमीटर आणि लांबी सुमारे 122. एका जॉइस्टला दहा नागमोडी, म्हणजे वीस सांधे. घर आणि स्टुडिओ मिळून माझ्या हिशेबाने छतालाच पंधरा जॉइस्ट. तीनशे सांधे झाले. मधल्या मजल्याचं तर मी अजून मनातसुद्धा आणलेलं नाही.

पहिला प्रयत्न लेझर कटिंगचा. अर्धा मिलिमीटर कार्डात कापून घेतले. कापणाऱ्याने सांगितलं होतं की पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक दांडी ठेवू नका, जळेल. तशी ठेवली, आणि समोर आलं ते लग्नाच्या रुखवतातल्या जाळीसारखं. सपाट, कडा करपलेल्या. या घराचा सगळा हलकेपणा त्या गोल गजात आहे, तो कार्डात येत नाही. ज्यांना लेझरने समाधान होतं त्यांनी करावं, माझं भांडण नाही. पण मग खरं घर पाहिलेल्या माणसाला मॉडेल दाखवू नका.

दुसरा प्रयत्न पितळी पट्टी, 0.5 मिलिमीटरची तार आणि सुपरग्लू. दिसायला झकास! दोन दिवसांनी सांध्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखी पूड, आणि उचलताना चार नागमोडी हातात. पट्टीबद्दलही सांगून ठेवते. ऑनलाइन मागवलेल्या ‘1 मिमी’ पाकिटात 1.2 पासून 0.9 पर्यंत सगळं होतं. शेवटी पुण्यातल्या बोहरी आळीत जाऊन कॅलिपर लावून एकेक पट्टी निवडली. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाच मजा वाटायला लागली. पितळ घ्यायचं तर हातात घेऊनच, हे माझं आता कायमचं मत.

तिसरा प्रयत्न सोल्डर, म्हणजे मऊ धातू वितळवून सांधा जोडणं, आणि याच प्रयत्नाने दोन महिने खाल्ले.

सागाच्या फळीवर टाचण्या ठोकून साचा केला. तार टाचण्यांभोवती नागमोडी फिरवायची, वर-खाली पट्ट्या लावून दोन्ही टोकांना चिमटे लावायचे, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून एकेक सांधा घ्यायचा. पहिली गंमत: सोल्डर टाचण्यांनाही धरतं. पहिला जॉइस्ट साच्यातून निघालाच नाही, टाचण्यांसकट उपटावा लागला. मग टाचण्या काढून बांबूच्या टूथपिक ठोकल्या. सोल्डर त्यांना चिकटत नाही, थोड्या करपतात, पाच जॉइस्टांनंतर बदलायच्या. टूथपिक जाड असल्यामुळे तारेचा कोपरा गोलसर येतो, आणि खऱ्या जॉइस्टमध्येही गज वाकवलेलाच असतो! न ठरवता बरोबर आलेली ही एकमेव गोष्ट.

पण केळं काही जाईना. साच्यात सरळ दिसणारा जॉइस्ट चिमटे काढले की केळ्यासारखा वाकायचा. सोल्डरिंग आयर्न कमी तापवून पाहिलं, पातळ टोक लावून पाहिलं, उलट बाजूने सुरुवात केली. केळं ते केळंच. तेरा केळी झाली. त्यांतलं एक माझ्या लेकीने केसांना लावून पाहिलं. बरं दिसत होतं.

मागच्या शनिवारी कसब्यातल्या तांबट आळीत गेले होते, कामासाठी नव्हे, पाहुण्यांना दाखवायला. पिशवीत एक केळं होतं (आजकाल असतंच). मठारकाम करणाऱ्या एका काकांना दाखवलं. त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं, साचा कसा आहे ते विचारलं आणि म्हणाले, “अहो ताई, दोन्हीकडनं आवळून धरलंय कशाला? तापल्यावर ते वाढणार कुठं?”

एवढंच. मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. 122 मिलिमीटर पितळ 180 अंशांनी तापलं तर साधारण 0.4 मिलिमीटरने लांब होतं. दोन्ही टोकं बांधलेली असली की ती लांबी बाजूला फुगते. तेवढ्यात सोल्डर थिजतं आणि फुगवटा तसाच राहतो. शिवाय मी एका टोकाकडून ओळीने जात होते, म्हणजे वाक ढकलत ढकलत पुढे नेत होते. शाळेत रुळांमधल्या फटी शिकवल्या होत्या, तेव्हा मार्कही मिळाले होते!

आता पद्धत अशी: एकच टोक पक्कं, दुसरं दोन टूथपिकांच्या मधे मोकळं. सुरुवात मधून, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. वरच्या पट्टीचा एक सांधा झाला की लगेच खालचा. शेजारच्या झालेल्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा, नाहीतर तो पुन्हा सुटतो. सोल्डर साठ-चाळीसचंच, म्हणजे साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. बिनशिशाच्या सोल्डरला जास्त तापवावं लागतं, आणि या कामात प्रत्येक अंश महाग. मात्र खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. एका जॉइस्टला पन्नास मिनिटं लागतात.

यातला उपरोध मला काल श्रीखंड खाताना कळला. हे घर 1949 मध्ये उभं राहिलं ते मुळी तयार मालातून. चार्ल्स आणि रे ईम्सनी खिडक्या, जॉइस्ट, पत्रा, सगळं कारखान्यांच्या कॅटलॉगमधलं घेतलं. पोलादाचा सांगाडा 16 तासांत उभा झाला. त्यांनी जी वस्तू यादीत खूण करून मागवली, ती मी दागिन्यासारखी घडवते आहे. सोळा तासांत माझे एकोणीस जॉइस्ट होतील, तेही जेवणखाण सोडून.

खरं तर सुरुवातीला मला हे घर आवडलंच नव्हतं. फोटोत पाहून वाटलं, कारखान्याला रंगीत पाट्या लावल्यात. आई अजूनही तेच म्हणते: “भिंत कुठाय? कपडे वाळत कुठं घालायचे?” माझा जीव तेव्हा फार्न्सवर्थ हाउसवर होता, वास्तुकार मीस व्हॅन डर रोहेच्या त्या पांढऱ्या काचपेटीवर. आपल्यातले जे फार्न्सवर्थचं मॉडेल करताहेत त्यांनी रागावू नये, पण तिथे सांधा दिसू नये म्हणून वेल्डिंग घासून, रंगवून लपवलंय. इथे सांधा समोर टांगलेला आहे. आणि त्याच्याखाली उशा, शिंपल्या, पुस्तकं, छताला लटकवलेलं वाळवंटातलं वाळकं झुडूप, असा घरभर पसारा. पसारा सहन करणारं घर माझ्या ओळखीचं वाटतं. तीनशे सांध्यांतले वीस स्वतः लावल्यावर तर ते जॉइस्ट मला घराच्या आढ्यासारखे वाटायला लागलेत, वर पाहिलं की बरं वाटेल असे.

तांबट आळीत आणखी एक गोष्ट आठवली. हेच ईम्स जोडपं 1958 मध्ये भारत सरकारसाठी अहवाल लिहायला इथे फिरलं, आणि त्या अहवालात त्यांनी मनापासून कौतुक कुठल्या वस्तूचं केलं, तर लोट्याचं. त्याच अहवालातून पुढे अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, आली. काकांच्या फळीवर आठ-दहा लोटे होते. एक घेतला. 1:1 आहे, मॉडेलमध्ये जाणार नाही.

हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. या घराचा 1945 चा पहिला आराखडा वेगळा होता. चार्ल्स ईम्स आणि वास्तुकार ईरो सारिनेन यांचा, टेकडीतून निघून कुरणावर पुलासारखा अधांतरी. युद्धानंतर पोलाद यायला वेळ लागला, तोवर चार्ल्स आणि रे त्या कुरणात बसून जेवू लागले आणि कुरणावर घर बांधायचं त्यांना नको झालं. मग मागवलेल्याच पोलादात घर निलगिरीच्या रांगेमागे, टेकडीला लावून बसवलं. एकच तुळई जास्तीची लागली असं सांगतात.

तर मी जॉइस्ट खांबांना चिकटवणारच नाहीये. प्रत्येक टोकाला 0.5 च्या तारेची खुंटी ठेवायची, खांबाला भोक पाडायचं, नुसतं बसवायचं. (खांबांसाठी परदेशातून मागवलेली 2 मिलिमीटरची स्टायरीन प्लॅस्टिकची एच आकाराची पट्टी घेतली आहे. किंमत सांगत नाही, घरचे वाचतात.) म्हणजे त्याच तुकड्यांतून आज हे घर आणि उद्या पुलाचं घर लावून बघता येईल, आणि किती तुळया कमी पडतात ते टेबलावर मोजता येईल. त्यासाठी भिंतीच्या मागची टेकडी सुटी करावी लागेल. ती मी सप्टेंबरमध्ये गोंदाने पक्की चिकटवली आहे, आणि वर गवत पेरलंय.

रंगीत पॅनेल त्यामुळे पुढे ढकलते. दारावरच्या सोनेरी चौकोनासाठी वर्ख घेऊन ठेवला आहे, तो डब्यात राहील. निलगिरीच्या फांद्याही सुकत टाकल्यात, पण पुण्यातल्या काड्या 1:50 ला फार जाड पडतात. कुणी बारीक, सरळ, साल सुटणारी काडी वापरली असेल तर सांगा. जानेवारी 2025 च्या लॉस एंजेलिसच्या वणव्यात हे घर वाचलं, तेव्हापासून त्या झाडांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. माझ्या मॉडेलमध्ये ती घरापासून थोडी लांब राहिली तर चालेल.

आज संध्याकाळी दुसरा जॉइस्ट. टूथपिक संपल्यात, आधी त्या आणते.