मागचं उजवं चाक

आमच्या बाहेरच्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला एक टोपी लटकलेली असते. मूळची पांढरी, आता चहाच्या गाळणीच्या रंगाची. कडेला केशरी-हिरवे पट्टे, पुढे ‘फोर्स इंडिया’ हे फॉर्म्युला वन मोटार शर्यतीतल्या एका टीमचं नाव. आणि झापेवर काळ्या मार्करनं केलेली एक सही. घरी येणारा माणूस चपला काढता काढता तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "कुणाची हो सही?" पाणी पिऊन झालं की दुसरा प्रश्न ठरलेला: "पण ती टीम बुडाली ना?"

पाहुणा चहा संपवून निघेपर्यंत माझं उत्तर निम्मंच झालेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगतो.

सहीत वाचण्यासारखं फारसं काही नाही. सुरुवातीला एक मोठी गिरकी, पुढे ईसीजीसारखी वरखाली गेलेली रेघ आणि खाली सुटी दोन इंग्रजी अक्षरं, आर आर. भाच्याचा पहिला अंदाज, "मामा, राजस्थान रॉयल्स?" म्हटलं, अरे, ही टीम मल्ल्यांची, त्यांचं क्रिकेट बंगळूरचं. फॉर्म्युला वन बघणारे मित्र जरा जास्त डोकं चालवतात. ते २०११ च्या सगळ्या ड्रायव्हरांची नावं मनात घोकतात आणि गप्प होतात. त्या वर्षीच्या यादीत आर आर कुणीच नाही.

३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. आम्ही तिघं पुण्याहून झेलमनं गेलो होतो. शुक्रवारी पहिल्या सरावातच ट्रॅकवर कुत्रा आला आणि जगानं तो बघितला, हे तुम्हाला आठवत असेल. मला आठवतो तो आवाज. २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं मिनिटाला अठरा हजार फेरे घ्यायची. तो आवाज कानात नाही, बरगड्यांत शिरायचा. शर्यत वेटेल जिंकला. आमच्या फोर्स इंडियाचा एड्रियन सुटिल नववा आला, दोन गुण मिळाले, आणि आम्ही विश्वचषक जिंकल्यासारखे एकमेकांच्या गळ्यात पडलो. पण तीन दिवसांत एकही ड्रायव्हर दोनशे मीटरच्या आत दिसला नाही. कोरी करकरीत टोपी तशीच पिशवीत परत निघाली.

सोमवारी मला दुसऱ्या पाळीला हजर व्हायचं होतं, म्हणून मी एकटा विमानानं परतलो. दिल्लीच्या टर्मिनल तीनवर पहाटे कॉफीच्या रांगेत उभा होतो. पुढे टीमचा शर्ट घातलेले सात-आठ जण. माझ्या थेट पुढचा माणूस तालमीतल्या वस्तादासारखा. मनगट माझ्या दंडाएवढं. ड्रायव्हर असतात जॉकीसारखे सडपातळ, त्यामुळे हा ड्रायव्हर नाही हे मला चांगलं कळत होतं. तरी मी टोपी पुढे केली. त्यानं मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाला तरी म्हणतोय. मग म्हणाला, अरे, मी गाडी चालवत नाही. माझं इंग्रजी कामापुरतं. मी म्हटलं, मग काय करता? त्यानं कॉफीचा कप काउंटरवर ठेवला, दोन्ही हातांनी हवेत गन धरली आणि तोंडानं ‘झ्झ्झर्र’ असा आवाज काढला. नट सैल करायची न्यूमॅटिक गन. तो आवाज मला भाषांतर करून नको होता, आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर तोच असतो.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेत, गाडी थांबली की एकेका चाकाला तीन माणसं. एक गन चालवणारा, एक जुनं चाक ओढून काढणारा, एक नवं बसवणारा. चाकाला नट एकच, मधोमध. गाडीत पेट्रोल भरणं २०१० पासून बंद झालं, तेव्हापासून थांबा म्हणजे फक्त चाकं, आणि वेळ तीन-चार सेकंद. हीच माणसं एरवी ब्रेक आणि गिअरबॉक्स उघडून बसवत असतात. रविवारी हेल्मेट घालून चाकाशी गुडघ्यावर बसतात. हा त्यातला, मागच्या उजव्या चाकाचा गनवाला.

त्यानं पेन मागितलं. माझ्या खिशात कामावरचा परमनंट मार्कर होता, रिजेक्ट मालावर फुली मारायचा. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली, जीभ दातात धरून सही केली, आणि जरा थांबून खाली दोन अक्षरं लिहिली. रिअर राइट. मागचं उजवं. तोवर त्याच्या सोबत्यांनी शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली होती. एकानं फोन काढून त्याचा फोटो घेतला. गडी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्यानं आयुष्यात केलेली ती पहिलीच सही असावी, असा माझा पक्का समज आहे.

सह्या जमवणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे त्या जगावर हसायचा मला अधिकार नाही. पण एक गंमत सांगतो. आमच्यातल्या एकानं ड्रायव्हर मायकेल शूमाकरचं सही असलेलं कार्ड बरेच पैसे मोजून मागवलं. इन्सर्टची, म्हणजे धातू कापायच्या पात्याची, धार तपासायला माझ्याकडे दहापट भिंग असतं, त्याखाली धरलं. खरी शाई चकचकीत कागदावर वर बसते. दिव्याखाली कार्ड तिरकं केलं की रेघ वेगळी चमकते, आणि जिथे हात वळताना थबकला तिथे जाड होते. या कार्डावरची रेघ म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होती. फोटोबरोबरच छापलेली. तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "छापलेली असली तरी त्याचीच ना?" त्यावर मला काही सुचलं नाही. कार्ड अजून त्याच्या कपाटात काचेमागे आहे.

आता दुसरा प्रश्न.

टीम बुडाली का? याचं खरं उत्तर असं की ती बुडाली आणि बुडाली नाही. इंग्लंडात सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या फाटकासमोर एडी जॉर्डननं फॅक्टरी उभी केली. त्याची जॉर्डन टीम १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरली. २००५ मध्ये आपला नारायण कार्तिकेयन त्याच टीमच्या पिवळ्या गाडीतून पहिला भारतीय फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला. मग पाट्या बदलत गेल्या. २००६ ला मिडलंड, २००७ ला स्पायकर, २००८ ला विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया. भाडेकरू बदलावेत तशा. घर तेच, आणि स्वयंपाकघरात राबणारी माणसंही बरीचशी तीच.

पहिल्या वर्षी गुण शून्य. त्या वर्षी मोनॅकोत सुटिल चौथा होता, शर्यत संपायला थोडक्या फेऱ्या उरल्या होत्या, आणि बोगद्यातून बाहेर आल्यावर रायकोनेनची फेरारी मागून येऊन आदळली. गॅरेजमध्ये सुटिल रडला. मी पुण्यात. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर आमचाच फिसिकेला सगळ्यांत पुढून सुटला आणि दुसरा आला, पहिल्या आलेल्या रायकोनेनच्या एका सेकंदाहून कमी मागे. त्यानंतर लगेच फेरारीनं त्यालाच उचलून नेलं. ड्रायव्हरांचं असंच. पाहुणे ते.

मला लोक चिडवतात, "मल्ल्याचे चाहते का तुम्ही?" नाही हो. ते २०१६ च्या मार्चमध्ये देश सोडून गेले, बँकांचं सुमारे नऊ हजार कोटींचं येणं मागे ठेवून. दुसरे भागीदार सहाराचे सुब्रत रॉय २०१४ लाच तुरुंगात गेले. मालकांची ही तऱ्हा असताना टीम काय करत होती बघा. २०१५ ला नवी गाडी वेळेत तयार होईना, स्पेनमधल्या हेरेसची पहिली चाचणी बुडाली, दुसऱ्या चाचणीला जुनीच गाडी नेली. आणि त्या वर्षाच्या शेवटी नंबर पाचवा. २०१६ ला चौथा. २०१७ ला पुन्हा चौथा. पुढच्या तीन टीमा म्हणजे मर्सिडीज, फेरारी, रेड बुल, माणसं यांच्या दुपटीहून जास्त आणि पैसा विचारू नका. रुपयामागे गुण काढायची पद्धत असती तर सिल्व्हरस्टोनवाले दरवर्षी पहिले आले असते, असं माझं मत आहे. मत म्हणूनच घ्या.

२७ जुलै २०१८, शुक्रवार. हंगेरीच्या शर्यतीचा आठवडा. लंडनच्या कोर्टानं फोर्स इंडिया प्रशासकांच्या हाती दिली. आपल्याकडे साखर कारखाना अवसायनात निघतो, अवसायक येतो, भंगार मोजतो. हे तसं नव्हे, त्याच्या एक पायरी अलीकडचं. प्रशासक कंपनी चालू ठेवतो, शर्यतीला गाड्या पाठवतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक शोधतो. अर्ज कुणी केला होता? टीमचाच ड्रायव्हर सर्जिओ पेरेझनं. त्याचे पैसे थकले होते. इंजिन देणारी मर्सिडीज आणि गाडीच्या गुलाबी रंगाचे पैसे भरणारी प्रायोजक कंपनी बीडब्ल्यूटी, दोघी त्याच्या बाजूला होत्या. वरवर पाहता घरच्याच माणसानं घरावर जप्ती आणली. पेरेझनं नंतर सांगितलं की दुसरं एक देणं टीमला थेट कुलूप लावायच्या बेतात होतं, त्याआधी हे करणं भाग होतं; चारशे माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी पूर्वी भोसरीत जिथे कामाला होतो ती कंपनी (नाव राहू दे) तीन महिने पगार अडकवून एका सोमवारी बंद झाली. गेटवर कागद चिकटवला होता. आम्ही एकशेदहा जण डबे घेऊन बाहेर उभे. आमच्यात कोर्टात जाण्याएवढा खिसा असलेला कुणी नव्हता. बारा वाजता कुणीतरी म्हणालं, डबा तरी खाऊन घेऊ. रस्त्याकडेला बसून खाल्ला आणि घरी गेलो. तेव्हा चारशे हा आकडा मला आकडा वाटत नाही.

पुढे कॅनडाचा अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोल याच्या गटानं टीम घेतली. पण कंपनी घेता येईना, कारण सहाराच्या हिश्श्यावर बँकांचा हात होता. म्हणून यंत्रं, गाड्या, फॅक्टरी, माणसं असं सगळं विकत घेऊन नव्या नावानं प्रवेश घेतला. त्याची किंमत अशी की आधीचे ५९ गुण पुसले गेले. ऑगस्टच्या शेवटी स्पाला टीम आली ती कागदावर नवजात, गुण शून्य. शनिवारी पात्रता फेरीत पाऊस झाला आणि टीमचा दुसरा ड्रायव्हर ओकॉन तिसरा, पेरेझ चौथा. रविवारी शर्यतीत पेरेझ पाचवा आणि ओकॉन सहावा. एका दुपारी अठरा गुण, आणि चार गुणांवर अडकलेली विल्यम्स टीम लगेच मागे. त्या विल्यम्समध्ये गाडी कोण चालवत होतं? नव्या मालकाचा मुलगा, लान्स. पुढच्या वर्षी तो इकडे आला आणि ओकॉन वर्षभर घरी बसला. वाचवणारा बाप असला की असं होतं. मी नावं ठेवत नाही, पण ओकॉनचं कार्ड मी अजून शेल्फवर पुढे ठेवतो.

६ डिसेंबर २०२०, बहरीन, साखिर ग्रांप्री. टीमचं नाव तेव्हा रेसिंग पॉइंट. पेरेझला पुढच्या वर्षी या टीममध्ये जागा नाही हे आधीच जाहीर झालेलं. पहिल्याच फेरीत धक्का बसून तो शेवटच्या नंबरला गेला. आणि ८७ फेऱ्यांची ती शर्यत तो जिंकला. पहिला पेरेझ, दुसरा ओकॉन (तोवर रेनोत), तिसरा लान्स स्ट्रोल. २०१८ च्या त्या सगळ्या तमाशातले तिघं एका पायरीवर. २००३ ला ब्राझीलमध्ये जॉर्डन जिंकली होती, त्यानंतर त्या फॅक्टरीचा हा पहिला विजय.

जिंकायला वाट कशी मिळाली तेही ऐका. पुढे असलेल्या मर्सिडीजनं पिटमध्ये घोळ घातला. रेडिओवर निरोप नीट पोचला नाही आणि त्यांच्या एका ड्रायव्हरची, बोटासची, पुढची चाकं दुसऱ्याच्या, रसेलच्या गाडीला बसवली. मग त्याला परत बोलावून ती बदलली. चाकं! जगातली सगळ्यांत शिस्तीची टीम, आणि चाकं बदलण्यात गडबडली. मी सोफ्यावरून उठून दारामागच्या टोपीकडे बघून ओरडलो. बायकोला वाटलं, पाल पडली.

ती फॅक्टरी आता अ‍ॅस्टन मार्टिन आहे. गाडी हिरवी, त्याच आवारात नवी मोठी इमारत. मी बघतो अजून. गाडी पिटमध्ये वळली की कॅमेरा ड्रायव्हरच्या हेल्मेटवर जातो आणि मी डाव्या-उजव्याचा हिशोब करत मागच्या चाकाकडे बघत राहतो. तिथे गुडघ्यावर बसलेला एक माणूस असतो, तोंड झाकलेलं, हातात गन. मनगट दिसतंय का बघतो. दोन सेकंदांत उठतो तो.

मार्करची शाई कडेनं जांभळी पडायला लागलीय. काचेत घालून घ्या, असं सगळे सांगतात. मी भिंग लावून बघितलं परवा. आर आर मधला दुसरा आर जरा जाड आहे. तिथे शिट्टी ऐकून त्याचा हात थबकला होता.