कावळ्याचा घास आणि खंड्याचा उपास

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, दशमीची तिथी होती. कावळ्यासाठी वाढलेले पान गच्चीत ठेवून खाली येताना दाराची कडी घालायची माझ्याकडून राहून गेली आणि पुढचे सगळे त्यातून झाले. श्राद्धात कावळ्याप्रमाणे कुत्र्याच्या नावाचाही एक घास वेगळा काढतात आणि तो घास आमच्या कुत्र्याला, खंड्याला, मागच्या दारी रीतसर मिळालाही होता. परंतु तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. वर जाऊन त्याने उडदाचे वडे, वाटीभर तांदळाची खीर आणि कढीभात असे सगळे पान चाटूनपुसून साफ केले. कावळा कठड्यावर बसून बघत होता.

चारच्या सुमारास पहिली उलटी झाली, तीत वड्यांचे न चावलेले तुकडे होते. सव्वापाचला दुसरी झाली. सहा वाजता नुसता पिवळा फेस आला. तो पाहून मी घाबरले, पण पोट रिकामे झाल्यावर पित्त बाहेर पडते आणि त्याचाच तो रंग असतो, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. त्यांचा पहिलाच प्रश्न मला अनपेक्षित होता. पोट आत ओढून, उचक्या देऊन ओकतो आहे, की मान खाली घालताच अन्न सहज घरंगळून बाहेर येते आहे? दुसरा प्रकार उलटीचा नसून अन्ननलिकेच्या दोषाचा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. खंड्याचे पोट भात्यासारखे हलत होते, तेव्हा ती उलटीच होती.

मग त्यांनी खाण्यात काय काय होते ते विचारले. श्राद्धाच्या स्वयंपाकात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, हे आज प्रथमच इतके उपयोगी पडले, कारण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना ते दोन्ही अपायकारक असतात. खिरीत बेदाणे घातले होते का, हे मात्र आईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली. नव्हते. असते तर रात्रभर वाट न पाहता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे लागले असते, कारण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. खंड्या सहा वर्षांचा, अठरा किलोचा आणि एरवी ठणठणीत असल्यामुळे सकाळपर्यंत खाणे पूर्ण बंद आणि पाणी चमच्याचमच्याने, एवढेच त्यांनी सांगितले. तीन महिन्यांचे पिल्लू असते तर त्याला उपाशी ठेवू नका, आत्ताच घेऊन या, असे म्हटले असते, हेही बोलून दाखवले. पिल्लांच्या रक्तातील साखर फार लवकर उतरते आणि शिवाय पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, शंका असतेच.

पाणी मोजून देणे हे उपाशी ठेवण्याहून अवघड गेले. उलटीनंतर त्याला इतकी तहान लागली होती की भांडे पुढे ठेवले असते तर एका दमात संपवून त्याने ते परत बाहेर टाकले असते. म्हणून दर अर्ध्या तासाने चार चमचे पाणी आणि मध्ये चाटायला बर्फाचा एक खडा, असा क्रम ठेवला. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच जागेवर बसते आहे, हिरडी दाबल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते आहे, हे दर खेपेस पाहत होते. पोट फुगले, ओकारी येऊनही काहीच बाहेर पडले नाही, रक्त दिसले किंवा पाणीही टिकेनासे झाले, तर वेळ न पाहता निघायचे, असे ठरले आहे. गाडीची किल्ली दाराशीच ठेवली आहे.

आईंना हे पटलेले नाही. "आजच्या दिवशी घरातला जीव उपाशी झोपवायचा?" असे त्या तीनदा म्हणाल्या. खंड्याला बाबांनीच आणले होते, त्यामुळे मला उत्तर देता आले नाही. डब्यातली माणसांची उलटीची गोळी चुरून देण्याची सूचना मात्र मी स्पष्ट नाकारली.

बुधवार, दुपार

रात्री उलटी झाली नाही. सकाळी सात वाजता मऊ शिजवलेला भात, तीन चमचे, एवढाच पहिला घास दिला. आईंनी सवयीने त्यावर तुपाची धार सोडायला वाटी उचलली होती आणि मी त्यांचा हात अक्षरशः धरला. आजाऱ्याला मऊ भात, तूप, मीठ हे आपल्या हाडीमाशी मुरलेले आहे, परंतु इथे दुखणे मुळात तेलातुपानेच आणलेले. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडाला त्यामुळे सूजही येऊ शकते.

डॉक्टरांनी दोन भाग भाताला एक भाग कातडी आणि हाडे काढलेले, बिनमिठाचे उकडलेले चिकन सांगितले होते. पितृपंधरवड्यात आमच्या घरात ते शिजत नाही. भीतभीत पर्याय विचारला, तर साय काढलेल्या दुधाचे घरी केलेले पनीर चालेल, म्हणाले. हे ऐकताच आईंचा नूर पालटला. लिंबू पिळून दूध फाडले, आंबटपणा जावा म्हणून पनीर दोन पाण्यांतून धुतले आणि भातात कुस्करून स्वतःच्या हाताने भरवले. आता दर चार तासांनी मूठभर, असे चालले आहे.

शुक्रवार

शी बांधून झाली. आज तीन भाग हा भात आणि एक भाग त्याचे रोजचे खाणे, उद्या निम्मेनिम्मे.

रविवार, सर्वपित्री

आज पुन्हा वडे होते. गच्चीची कडी आईंनीच घातली आणि ती ओढूनही पाहिली. खंड्याच्या नावाचा घास काढताना त्यांनी त्यात वडा ठेवला नाही, खीर ठेवली नाही, नुसता पांढरा भात ठेवला, वर तूपही नाही. त्याने तो हुंगला आणि आईंच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. "माझ्याकडे बघू नकोस, तिला विचार," असे म्हणून त्या आत गेल्या.