आमची वाटचाल : टीव्हीच्या दुकानातून बंदरावर

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाताना आमचं दुकान लागतं. पाटीवर अजून ‘टीव्ही-रेडिओ दुरुस्ती’ असंच आहे. बाबांनी दुकान टाकलं ते पिक्चर ट्यूबच्या जमान्यात. पुढे सपाट टीव्ही आले, दुरुस्तीपेक्षा नवा घेणं लोकांना परवडू लागलं आणि आमचं टेबल रिकामं पडायला लागलं. त्याच सुमारास ट्रॉलरवाले बंद पडलेले फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारी मशीनं, घेऊन यायला लागले. मुंबईला पाठवायचं तर ऐन हंगामात मशीन अडकून पडणार, म्हणून म्हणायचे, “भाऊ, उघडून बघा तरी.”

उघडावं तर बहुतेक मशीन ठणठणीत. टेबलावर चालतंय आणि बोटीवर बंद! तेव्हा बाबांनी ठरवलं, मशीन दुकानात मागवायचं नाही, आपणच बोटीवर जायचं. नवं मशीन विकलं तर कमिशन मिळतं, वायर साफ करून दिली तर बऱ्याचदा नुसता चहा. नातेवाइकांनी बाबांना वेड्यात काढलं होतं. आज आमचं गिऱ्हाईक हर्ण्यापासून देवगडपर्यंत आहे ते त्या चहावरच.

बोटीवर गेलो की आधी करंट बघायचा. मीटर बॅटरीवर लावून उपयोग नाही, तो मशीनच्या प्लगवर लावायचा आणि बोट चालवणाऱ्या तांडेलला सांगायचं, मारा स्टार्टर. साडेबारा व्होल्टचा काटा नऊवर आला की मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होणारच. वायर सोलली की आतलं तांबं हिरवं पडलेलं दिसतं. खाऱ्या हवेत नुसती पिळून टेप गुंडाळलेला जोड टिकत नाही, हे खलाशांना सांगून आमची तोंडं दुखली.

स्क्रीनवर पावसासारखे ठिपके पडत असतील तर बोटीवरची एकेक वस्तू बंद करत जायची. इन्व्हर्टर, वायरलेस, केबिनमधला स्वस्तातला एलईडी बल्ब. तो बल्ब विझवल्यावर स्क्रीन स्वच्छ झाली की मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. नव्या मशीनसाठी तो पैसे जुळवत असतो ना!

हर्ण्याच्या एका बोटीने मात्र घाम काढला. बंदरात उभी असताना तळ ठळक दिसायचा, वेग घेतला की पुसून जायचा. करंट ठीक, केबल ठीक. शेवटी बोट वर ओढल्यावर कळलं. बुडाशी नवा पाइप बसवला होता, तो नेमका ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परतीचा आवाज टिपणाऱ्या बुडाच्या भागाच्या, पुढे. पळताना पाइपापाशी बुडबुडे सुटायचे आणि ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून जायचे. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो, 30 मीटरवरच्या तळाला लागून 0.04 सेकंदात परत येतो. पण हवेचा पडदा मध्ये आला की त्याचं काही चालत नाही. ट्रान्सड्यूसर बाजूला, स्वच्छ पाण्यात हलवला आणि काम झालं.

काही तक्रारी तर नुसत्या सेटिंगच्या असतात. खोल पाण्यात 200 किलोहर्ट्झवर तळ सापडत नसेल तर 50 लावून बघावं. 200 ने उथळात बारकावा चांगला दिसतो, 50 खोलवर पोचतो. तांडेल खोली सांगतो वावांत (फॅदममध्ये), मशीन दाखवतं मीटर. 10 वाव म्हणजे 18 मीटरच्या वर, हा घोटाळा आम्ही पुष्कळ बोटींवर निस्तरलाय. शिवाय आकडा ट्रान्सड्यूसरपासून मोजलेला असतो. बोटीचा कणा त्याच्याही खाली असेल तर तेवढं अंतर सेटिंगमध्ये वजा करून घ्यावं लागतं. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी गाळावरून आत येताना दोन-तीन फुटांचा फरक म्हणजे गंमत नव्हे.

बाबा आता दुकानात बसून सल्ले देतात, बोटींवर मी आणि दोन मुलं जातो. हिशोब बायकोकडे आहे, त्यामुळे अलीकडे चहावर भागत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात. आमचं खरं काम तेव्हाच. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर चिकटलेले शिंपले लाकडी पट्टीने अलगद काढावेत, पत्रा किंवा पटाशी चालवू नये. बुडाला तांब्याचा रंग मारताना तो ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर लावू नका. त्याला पाण्यात मिसळणारा वेगळा रंग येतो, तोही पातळ. आणि फोन नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी करू नका. बोट वर ओढली की लगेच करा.