शिडी सरकेना

दिवाळीच्या तोंडावर घर रंगवायला काढलं होतं. सगळं सामान हॉलच्या मधोमध, त्यावर जुन्या चादरी, आणि उरलेल्या जागेत डायनिंग टेबलाला चिकटून बसलेली बारावीतली भाची. "मावशी, ही शिडी सरकतच नाहीये गं."

शिडी गणितातली. पाच मीटर लांब, भिंतीला टेकवलेली. तिचा पाय सेकंदाला एक मीटर वेगानं भिंतीपासून लांब चाललाय. पाय तीन मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं खाली येत असेल? माझ्या वेळीही हीच शिडी होती. इतक्या वर्षांत ती मोडली नाही की कुणी तिच्या पायाला रबर लावलं नाही.

नुसतं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, काढायचं असेल तर ही पोरगी पापड भाजल्यासारखी गणितं उरकते. पण त्यात टाकी, पतंग, शिडी आली की पेन तोंडात जातं. खरं म्हणजे तिथवर कॅल्क्युलस सुरूच झालेलं नसतं. गाडं अडतं ते वाक्यात. काय बदलतंय, काय तसंच राहतंय, आणि विचारलंय नेमकं काय, एवढं कळलं की पुढं हमालीच असते. हे मी फार अधिकारानं सांगते आहे असं नाही. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रँग्लर परांजपे ज्या कॉलेजचे प्राचार्य होते, त्या फर्ग्युसनवरून मी रोज सायकलनं जायचे. गणित काही अंगाला लागलं नाही.

वास्तविक पुणेकराला हे जड जायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं शहर कॅल्क्युलस बोलतं. खडकवासल्यात किती टीएमसी साठलं ते एक, आणि किती क्यूसेकनं सोडलं ते दुसरं. साठा आणि साठा बदलण्याचा वेग. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. वरून थेंबही आला नाही, तर १०,००० क्यूसेकनं तेवढं सोडायला एक लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळपास २८ तास. पण पानशेत-वरसगावचं पाणी येतच असतं, ते हिशेबात धरायचं. भिडे पूल बंद होणार का, यावर कट्ट्यावर हिरिरीनं बोलणाऱ्या काकांना 'रिलेटेड रेट्स', म्हणजे एकमेकांत गुंतलेले वेग, म्हटलं तर मात्र ते उठून जातील.

भाचीची वही ओढली. पायथागोरस बरोबर होता. पण लगेच पुढच्या ओळीत तिनं क्षच्या, म्हणजे भिंतीपासून पायापर्यंतच्या अंतराच्या, जागी ३ टाकला होता आणि मग डेरिव्हेटिव्ह घेतलं होतं. तीनचं डेरिव्हेटिव्ह शून्य. "अगं, तूच खिळा ठोकलास, सरकेल कशी?" आमच्या क्लासचे सर म्हणायचे, चालत्या बसचा नंबर वाचा, त्यासाठी बस थांबवू नका. त्या वेळी आम्ही नुसतं हसलो होतो. तिनं ओळ खोडली, क्ष मोकळा सोडला, आधी डेरिव्हेटिव्ह घेतलं आणि शेवटी ३ घातला. वरचं टोक सेकंदाला पाऊण मीटर खाली येत होतं.

झालं म्हणून मी चहा टाकायला उठले, तर ही पुढे निघालेली. पाय चार मीटरवर गेला की वेग चार तृतीयांश. पाचच्या अगदी जवळ नेला की खाली भागायला शून्याच्या आसपासचं काहीतरी उरतं आणि वेग फुगतच जातो. "मावशी, ही तर प्रकाशाच्याही पुढे जाईल!"

"नाही जात," रंगारीदादा छताकडून बोलले. "पाय एवढा बाहेर गेला की वरचं टोक भिंतच सोडतं. मग शिडीपण जाते अन् माणूसपण."

टोक भिंतीला टेकलेलंच राहणार, हे गणितानं आम्हाला न विचारता धरून चाललं होतं. भाचीनं आकृतीत भिंतीपाशी एक प्रश्नचिन्ह काढलं आणि मान वर करून दादांच्या शिडीकडे पाहिलं. पायाखाली दुमडलेलं गोणपाट होतं.

"दादा, तुमचा पाय भिंतीपासून किती लांब आहे?"

"मोजला नाही कधी. ताई, जरा खालून धरता का?"

मी गॅस बारीक करून शिडी धरली. भाची टेप शोधायला चादरीखाली घुसली.