बेस मोबाईलवर हरवतो तेव्हा कोणतं सॅच्युरेशन?

कानबाई या खान्देशातल्या देवीचं गाणं असो की हळदीचं, अहिराणी (खान्देशी बोलीतलं) गाणं मुख्यतः दोनच ठिकाणी वाजतं: मोबाईलच्या स्पीकरवर आणि लग्नाच्या डीजेवर. पहिल्यात खालचा आवाजच नसतो, दुसऱ्यात खालच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे आवाज थोडा चिरडून त्यात नवे सूर भरणं, निवडताना आधी हे डोक्यात ठेवायचं. जुन्या टेप मशिनची नक्कल भारी की ट्यूब अ‍ॅम्पची, हा वाद नंतरचा.

समजा बेस ५५ हर्ट्झवर आहे. ट्रायोड या ट्यूबच्या धाटणीचा प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) त्यात मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट सूर घालतो, म्हणजे ११० हर्ट्झ. साध्या मोबाईलचा स्पीकर तीनशेच्या खाली जवळपास मुकाच असतो. त्यामुळे स्टुडिओच्या स्पीकरवर (मॉनिटरवर) बेस मस्त गुबगुबीत लागतो आणि फोनवर पुन्हा गायब. इथे विषम हार्मोनिक देणारी जात हवी: तिसरा १६५, पाचवा २७५, सातवा ३८५. हे वरचे सूर पकडून कान खालचा ५५ अंदाजाने भरून काढतो. डिकॅपिटेटर हा सॅच्युरेशनचा प्लगिन असेल तर याच कामासाठी टी ऐवजी पी बटण लावून बघा. दोन्ही कल्चर व्हल्चर या ट्यूबच्या यंत्रावरून घेतलेले आहेत, पण टी म्हणजे ट्रायोड, त्याचा कल सम हार्मोनिककडे. पी म्हणजे पेंटोड, ट्यूबचाच दुसरा प्रकार, त्याचा विषमकडे. त्यातलं ‘पनिश’ बटण थेट २० डीबी वाढवतं, ते बेसवर दाबायची गरज सहसा पडत नाही.

आता डीजेचं टोक. तिथले अ‍ॅम्प आधीच लाल दिव्यावर चाललेले असतात. स्टुडिओत चिरडलेला बेस तिथे आणखी चिरडला की धडधडीची नुसती भरभर होते. म्हणून मूळ बेस ट्रॅक स्वच्छ ठेवा. त्याची कॉपी करा, कॉपीवर जोरात सॅच्युरेशन लावा, त्याच्यानंतर १२० ते १५० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा आणि कॉपीचा फेडर शून्यातून हळूहळू वर आणा. फोनवर बेस कळू लागला की थांबा. क्रम उलटा झाला, हाय-पास आधी लागला, तर ५५ आत पोचतच नाही आणि त्याचे हार्मोनिक तयारच होत नाहीत. शेवटी कॉपीची पोलॅरिटी (लहरीचं वर-खाली) उलटवून बघा. ज्या स्थितीत बेस जाड लागतो ती ठेवा.

गळ्याचा मामला वेगळा. अहिराणीत वाक्यामागून वाक्य ‘शे’वर (म्हणजे ‘आहे’वर) संपतं. हा श सॅच्युरेशनमध्ये शिरला की साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये वाळू चावल्यासारखी कचकच येते. डी-एसर (स-श चा टोचरा आवाज दाबणारा प्लगिन) सॅच्युरेशनच्या आधी लावा. नंतर लावला तर तयार झालेली घाण दाबण्यातच त्याची ताकद जाते. फुकटात काम भागवायचं असेल तर सॉफ्टट्यूब कंपनीच्या सॅच्युरेशन नॉब या प्लगिनमध्ये ‘कीप हाय’ मोड आहे, तो वरचा भाग बराचसा वाचवतो. क्लँगहेल्मचा इव्हगी हाही मोफत, आणि त्यातला असममिती (लहरीच्या वरच्या-खालच्या बाजूतला फरक) वाढवणारा नॉब सम हार्मोनिकचं प्रमाण बदलतो. गळ्याला ऊब द्यायला तो पुरेसा आहे. असममितीमुळे काही प्लगिनमध्ये डीसी ऑफसेट येतो, म्हणजे सगळी लहर शून्यापासून एका बाजूला सरकते, म्हणून मागे २० हर्ट्झचा हाय-पास ठेवावा.

पावरी (आदिवासी फुंकवाद्य) आणि सनई यांना सहसा हात लावू नये. जिभाळीच्या (रीडच्या) वाद्यांचा आवाज मुळातच हार्मोनिकनं खच्चून भरलेला असतो. त्यात भर घातली की नुसतं चिरकतं. त्याहून वाईट म्हणजे सनई आणि कीबोर्ड एकाच बसवर (अनेक ट्रॅक एकत्र आणणाऱ्या चॅनेलवर) घेऊन सॅच्युरेट करणं. ४०० आणि ५०० हर्ट्झचे दोन सूर एकत्र चिरडले की १००, ३००, ६०० असे कोणीच न वाजवलेले सूर आत उगवतात. गाणं ‘गढूळ’ होतं ते बरेचदा इथे. सॅच्युरेशन एकेका ट्रॅकवरच बरं.

टेप प्लगिन मी ढोल आणि संबळासाठी राखून ठेवतो. थापेचं टोक तो गोल करतो, त्यामुळे लिमिटरवर (शेवटी पातळी ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या प्लगिनवर) ताण कमी येतो. चाऊ टेप मॉडेल हा प्लगिन मोफत आहे आणि चांगला आहे. फक्त वाव आणि फ्लटर (टेपच्या वेगातली डगमग) शून्यावर आणा, नाहीतर त्याच बसवर कीबोर्ड असला की सूर डुलतो. टेपचा वेग कमी केला की वरचा आवाज आणखी कापला जातो, हेही लक्षात असू द्या.

प्लगिन विकत घेण्याआधी दहा मिनिटांची चाचणी करा. १०० हर्ट्झचा साइन (एकच शुद्ध सूर) मायनस १८ डीबीएफएसवर, म्हणजे डिजिटलच्या कमाल पातळीच्या १८ डीबी खाली, सोडा, प्लगिनच्या मागे व्हॉक्सेंगो स्पॅन हा आवाजाचा आलेख दाखवणारा प्लगिन लावा आणि २००, ३००, ५०० वर काय उगवतं ते बघा. मग मायनस १२, मग मायनस ६. अ‍ॅनालॉग नकलेचे बरेच प्लगिन मायनस १८ ला शून्य व्हीयू (जुन्या सुईच्या मीटरवरची नेहमीची पातळी) धरून बनवलेले असतात. मायनस ३ वर रेकॉर्ड झालेला ट्रॅक त्यात तसाच ढकलला तर दोष प्लगिनचा नाही. दुसरा साइन ९ किलोहर्ट्झचा. सेशनचा सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर तिसरा हार्मोनिक २७ किलोहर्ट्झ, तो आरशासारखा उलटून १७.१ वर दिसतो. पाचवा ४५, तो थेट ९०० हर्ट्झवर येऊन बसतो, भर गळ्यात. याला एलियासिंग म्हणतात. ओव्हरसॅम्पलिंग (प्लगिनच्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम) चालू केल्यावर हे भुताचे सूर खाली बसले पाहिजेत. सॅटर्न २ या प्लगिनमध्ये त्यासाठी एचक्यू मोड आहे. तो मिक्स करताना बंद ठेवून बाउन्सच्या (शेवटची फाईल काढण्याच्या) वेळी चालू केला तरी चालतं, जुन्या लॅपटॉपला तेवढाच आराम.

ऐकताना आउटपुट इतकं खाली आणा की बायपास केल्यावर (प्लगिन तात्पुरता बंद केल्यावर) पातळी बदलू नये. एक डीबी जरी जास्त राहिला तरी कान ‘हाच भारी’ म्हणणार, आणि बाजारातले निम्मे प्रीसेट याच जोरावर खपतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे रेकॉर्डिंग असेल तर अजून एक अडचण. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून गायचं म्हणजे गायकाचा छळ, त्यामुळे तो चालूच राहतो. सॅच्युरेशन वरची टोकं दाबतं आणि पातळी जुळवताना मागची घरघर वर येते, सोबत विजेचा ५० हर्ट्झचा हम आणि त्याचे १००, १५०. आधी ८० चा हाय-पास, मग १०० आणि १५० वर अरुंद कट, ओळींमधल्या रिकाम्या जागा कापून फेड, आणि मगच ड्राइव्हला (सॅच्युरेशनचा जोर वाढवणाऱ्या नॉबला) हात.