हे थंडीतलं कायले पायतं?

“भाऊ, फायनल पाहून घे ना सरळ. हे थंडीतलं कायले पायतं?” धुऱ्यावर, आडतीत, लग्नाच्या पंगतीत मला हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ३० संघ. ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ मॅच खेळतो, मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, जिथं एकाच जोडीत आधी चार मॅच जिंकणारा पुढे जातो, आणि जूनमध्ये विजेता ठरतो. ज्याचा निकाल जूनमध्ये लागणार, ते कारंजा तालुक्यातल्या शेतकऱ्याने नोव्हेंबरपासून कशाला पाहत बसावं, असा तुमचा सवाल.

आधी संघाचं सांगतो. माझा संघ इंडियाना पेसर्स. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे संघ पहिल्यांदा भारतात खेळले, मुंबईला वरळीच्या डोममध्ये. पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. सरावाच्याच मॅच, पण पहिली बरोबरी होऊन ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेली आणि पेसर्सनी ती १३२-१३१ अशी काढली. मी मोबाइलवर पाहिली, आणि हे इंडियाना आहे तरी कुठं म्हणून शोधायला लागलो. ते निघालं मका आणि सोयाबीनचं राज्य. खेड्यापाड्यांत कोठाराच्या भिंतीवर रिंग ठोकलेली असते आणि पोरं तिथंच खेळत मोठी होतात. शिकागोच्या बाजारात सोयाबीन पडलं की त्यांच्या घरी जे बोलणं होत असेल, तेच आमच्या वाशिम जिल्ह्यात होतं. संघ ठरवायला मला तेवढं पुरलं.

त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे घेतात, मग मार्चपर्यंत साडेपाच. याच दिवसांत आमची हरभऱ्याची जागल असते. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप एकदा वावरात शिरला की सकाळी हरभऱ्याच्या जागी माती दिसते, म्हणून रात्रभर टॉर्च मारत, डबा वाजवत बसावं लागतं. पहाटे जनावर माघारी फिरलं की मी मचाणावर मोबाइल उघडतो. रेंज येते-जाते. चित्र अडकतं, गोल चक्र फिरत राहतं, आणि पुन्हा सुरू होतं तेव्हा स्कोअर आठ पॉइंटनी सरकलेला असतो. त्या आठ पॉइंटांत काय झालं असेल, हे खेळाडूंच्या चेहऱ्यांवरून ओळखायची मला आता सवय झाली आहे.

माझं उत्तर २०२४-२५च्या सीझनमध्ये आहे.

सुरुवात फार वाईट झाली. पहिल्या २५ मॅचपैकी १५ हरले. पहिल्याच मॅचमध्ये जेम्स वाइजमनची टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस, तुटली. थोड्याच दिवसांत आयझाया जॅक्सनचीही तुटली. बदली सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच गडी, म्हणून ठेवलेले दोघंही सीझनभरासाठी गेले. एरन नेस्मिथचा घोटा दुखावला आणि तो कितीतरी आठवडे साध्या कपड्यांत बेंचवर बसून राहिला. संघाचा खेळ चालवणारा टायरीस हॅलिबर्टन, त्याचेही शॉट बसेनात. गुणतक्ता पाहणाऱ्याने तेव्हाच नाद सोडला असता.

मी खेळ पाहत होतो, आणि खेळात काहीतरी घडत होतं. समोरच्याने बास्केट केली की माणूस क्षणभर दम खातो. पेसर्स तो क्षणच खाऊ देत नव्हते. चेंडू जाळीतून खाली पडायचा अवकाश, की तो रेषेबाहेरून आत फेकून पळायला सुरुवात. आणि बचावात अर्ध्या मैदानावर वाट न पाहता समोरच्याला त्याच्याच टोकापासून अडवायचं. टी. जे. मॅकॉनेल तर बास्केट झाल्यावर परत जातो असं दाखवून बाजूला दबा धरून थांबायचा आणि आत फेकलेला पासच उडवायचा. कोच रिक कार्लाइल दहा-दहा माणसं आलटूनपालटून खेळवत होता. सलग दोन रात्री खेळून आलेला संघ असला, की चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायला लागायचे. पाय संपले की शॉट आखूड पडतो. हे एका मॅचमध्ये कळत नाही, हिवाळाभर पाहिलं की कळतं.

एप्रिलमध्ये पेसर्स ५० विजय, ३२ पराभवांवर थांबले, पूर्वेकडच्या १५ संघांत चौथे. त्याच महिन्यात खेळाडूंच्याच एका निनावी पाहणीत हॅलिबर्टनला लीगमधला लायकीपेक्षा सर्वांत जास्त कौतुक होणारा खेळाडू ठरवलं गेलं. मला तो अन्याय वाटला आणि अजूनही वाटतो.

मग मे महिन्यात प्लेऑफमधली न्यूयॉर्क निक्सविरुद्धची पहिली मॅच. शेवटच्या तीन मिनिटांत पेसर्स १४ पॉइंटनी मागे. घोटा बांधून बसलेला तोच नेस्मिथ उठला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने सहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन-तीन पॉइंटचे शॉट टाकले. वेळ संपता संपता हॅलिबर्टनचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आदळला, सरळ वर उडाला आणि जाळीत पडला. ओव्हरटाइममध्ये १३८-१३५. ज्यांनी तेवढीच मॅच पाहिली त्यांना तो चमत्कार वाटला. मला मात्र न्यूयॉर्कचे थकलेले पाय दिसत होते. तेच, जानेवारीतले.

फायनलला समोर ओक्लाहोमा सिटी थंडर, सीझनमध्ये ६८ मॅच जिंकलेला संघ. पहिल्या मॅचमध्ये ०.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनने शॉट टाकला आणि पेसर्स १११-११० जिंकले. अख्ख्या मॅचमध्ये ते तेव्हा पहिल्यांदा पुढे गेले होते!

सातवी मॅच आपल्या २३ जूनच्या सकाळी होती. पेरणीचे दिवस, ट्रॅक्टरवाला येऊन उभा. हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या मॅचमध्येच दुखावली होती, तरी तो उतरला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री-पॉइंटर टाकले. मग पुढे झेपावताना खाली पडला आणि तळहात जमिनीवर आपटायला लागला. काय झालं हे सांगावं लागलं नाही. वाइजमन, जॅक्सन आणि आता हा. एकाच सीझनमध्ये, एकाच संघात, तीच शीर. फक्त फायनल पाहणाऱ्याने त्या दिवशी एक दुखापत पाहिली. मी तिसरी पाहिली.

त्याच्याशिवायही हाफटाइमला पेसर्स ४८-४७ असे पुढे होते. शेवटी १०३-९१ हरले. पण तो एक पॉइंट कुठून आला, हे मी कोणालाही सांगू शकतो, कारण तो पॉइंट हिवाळ्यात घडताना मी पाहिला आहे.

आपल्याकडे विदर्भाने २०१७-१८ला पहिल्यांदा रणजी जिंकली. इंदूरच्या फायनलमधली रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक सगळ्यांना आठवते. त्याआधी उपांत्य सामन्यात कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवलं होतं, तेही गुरबानीनेच सात बळी घेऊन. ते ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्याशी त्या हॅट्‌ट्रिकबद्दल बोलायची गोडी वेगळी.

८२ मॅच जास्त होतात, असं अमेरिकेतही पुष्कळ जण म्हणतात. सलग दोन रात्रींच्या मॅच बंद करा, हे मला पटतं. माणसाच्या शरीराला तो जाच आहे आणि अशा रात्री चांगले खेळाडू विश्रांती घेतात, म्हणजे पाहणाऱ्याचंही नुकसान. पण सीझन छाटून निम्मा करायला माझा ठाम विरोध आहे. पहिल्या २५ पैकी १५ हरलेल्या संघाला स्वतःला शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळच या खेळाचा गाभा आहे.

२०२५-२६ला हॅलिबर्टन पूर्ण वर्ष बाहेर. संघाचा मुख्य सेंटर माइल्स टर्नर दहा सीझननंतर मिलवॉकीला गेला. सुरुवातीलाच पराभवांची रांग लागली आणि लोकांनी विचारलं, “आता त कायले पायतं?” अँड्र्यू नेमहार्डसाठी. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ३१व्या नंबरला निवडलेला हा कॅनडाचा पोरगा इतकी वर्षं हॅलिबर्टनच्या बाजूला खेळला. आता चेंडू त्याच्या हातात आला. दोघा-दोघांनी घेरल्यावर तो पास कुठून काढतो, घाईत शॉट टाकतो की थांबतो, हे मला पाहायचं होतं. कारण हॅलिबर्टन परतल्यावर हे दोघं एकमेकांना चेंडू कसा देतील, हे त्यावरच ठरणार आहे.