आमची वाटचाल : झेरॉक्सच्या दुकानातून इंग्रजीच्या गृहपाठाकडे

चाळीसगावात आमचं मूळ दुकान झेरॉक्सचं. शाळा सुटली की पोरं गाइड घेऊन यायची आणि काउंटरवरच विचारायची, "काका, यातलं कोणतं उत्तर लिहू?" माझी बायको इंग्रजीत एम.ए. ती पानं काढता काढता समजावून सांगायची. हळूहळू गर्दी तिच्यासाठीच व्हायला लागली, तेव्हा मागच्या खोलीत सतरंजी टाकली. फळा नंतर आला.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीचं पोरगं रिपोर्टेड स्पीचला, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगायला, अडतंच. 'व्हेअर आर यू गोइंग?' बदलायला दिलं की वहीत हमखास 'शी आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' सापडतं. प्रश्नचिन्ह जातं, रचना प्रश्नाचीच राहते. मॅडम, म्हणजे आमची बायकोच, खोडत नाहीत, 'वॉज आय'खाली नुसती रेघ मारतात. पोरगं स्वतःहून 'आय वॉज' करेपर्यंत वही परत मिळत नाही.

तयार उत्तरं आम्ही देत नाही. त्यापायी गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे. एका पालकांनी अख्खी वही लिहून द्यायचे पैसे विचारले होते. बारावीला लेखी ८०, पण तोंडीचे २० आहेत, तिथे कोण बोलणार, एवढं विचारून त्यांना चहा पाजला.

खरी मजा बारावीलाच. युवकभारतीत, म्हणजे बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात, ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा उतारा आहे. पोरांना ती साहेबाची गोष्ट वाटते. मग मॅडम मूळ कादंबरी काढतात. तिचा नायक फिलिअस फॉग, त्याची मुंबई-कलकत्ता गाडी चक्क आपल्या खानदेशातून जाते! नाव घेऊन लिहिलंय, सपाट, पिकाऊ मुलूख म्हणून. बऱ्हाणपूरला नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता घेतो. पुढे रूळच संपतात, तर फॉग न चिडता हत्ती विकत घेतो. पाचोऱ्याहून त्याच लाइनने अप-डाउन करणारी पोरं हे ऐकून सरसावून बसतात. 'फॉगचा स्वभाव लिहा' म्हटलं की नुसतं 'तो शांत होता' लिहून भागत नाही, हे त्यांना हत्तीवरून कळतं. पुरावा द्यावा लागतो.

फी दिवाळीनंतर, कापूस विकला गेला की. भाव पडला तर हप्ते पाडून घेतो. रात्री व्हॉट्सअॅपवर प्रश्नांचे फोटो येतात. मॅडम उत्तराऐवजी उलटा प्रश्न पाठवतात. यंदा जूनपासून आठवीचीही बॅच आहे. फी तीच, वही स्वतःची आणायची.